नववे पिल्लू

१

डार्लीन मेलनिकचा दिवस अंधाराने सुरू व्हायचा. विद्यापीठाच्या तळघरात उंदरांची खोली होती आणि तिथली रात्र-दिवसाची वेळ उलटी लावलेली होती. उंदीर रात्री जागतात, माणसे दिवसा कामाला येतात. म्हणून सकाळी नऊला दिवे जायचे ते रात्री नऊला लागायचे. वर विनिपेगचे ऊन बर्फावर पडून डोळे दिपवत असायचे आणि खाली डार्लीन तांबड्या दिव्यात पिंजरे ओढत असायची. तांबडा उजेड उंदरांना जवळजवळ दिसत नाही. बावीस वर्षे हे करून तिला आता घरचा पिवळा दिवाच खुपायचा.

काम सोपे होते, म्हणजे कंटाळवाणे होते. बाळंत मादीची आठ पिल्ले घरट्यातून उचलायची, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ओळीने मांडायची आणि हातातले घड्याळ दाबायचे. आई कितव्या सेकंदाला पहिले पिल्लू तोंडात धरून घरी आणते, कितव्याला शेवटचे, ते लिहायचे. दहा मिनिटांत खेळ संपला. बोटाच्या पेराएवढी, बिनकेसांची, मिटल्या डोळ्यांची ती पिल्ले आईला हाका मारतात, पण हाक इतक्या वरच्या पट्टीतली असते की माणसाला काही ऐकू येत नाही. नुसती तोंडे उघडतात आणि मिटतात. नव्या माणसाला ते बघवत नाही. डार्लीनला त्याचे काही वाटेनासे होऊन जमाना झाला होता.

निम्म्या माद्यांच्या मेंदूत, अगदी आत, मध्यमेंदू म्हणतात तिथे, मोहरीएवढी जागा जाळलेली होती. बाकीच्यांचे डोके नुसतेच उघडून शिवलेले. कोणती कुठली हे डार्लीनला मुद्दाम सांगत नसत. माहीत असले की हातातले घड्याळ मनासारखे धावते. पण ते तिला बघूनच कळायचे. नुसत्या शिवलेल्या आया मिनिटाभरात आठही घरी आणायच्या. जाळलेल्या बसून आपलेच पाय चाटायच्या.

चौदा नंबरची मादी त्या दिवशी बसून राहिली. एक मिनिट, तीन मिनिटे, सात. पिल्लांची तोंडे उघडत होती. आठव्या मिनिटाला ती उठली, त्या ओळीवरून, पिल्लांच्या अंगावर पाय देत पुढे गेली आणि उजव्या कोपऱ्यात थांबली. तिथे काही नव्हते. तिने भुश्शाला नाक लावले, तोंड उघडले, हळूच मिटले आणि मान उंच धरून परत निघाली. पिल्लू जमिनीला घासू नये म्हणून आया मान तशी धरतात. घरट्यात येऊन तिने ते ठेवले आणि चाटायला सुरुवात केली.

डार्लीनने कागदावर शून्य लिहिले. आणलेली पिल्ले: शून्य. मग तिने मान वर करून पाहिले, कारण उजवा कोपरा भिंतीकडचा होता आणि त्या भिंतीवर हातमोज्यांच्या खोक्यांची फळी होती.

२

नियम असा होता, की वीण झाली की दुसऱ्या दिवशी पिल्ले मोजायची आणि आठच ठेवायची. चार नर, चार माद्या. सगळ्या आयांना सारखे ओझे, म्हणजे तुलना खरी. जास्तीची पिल्ले ठरलेल्या रीतीने, पटकन, मारायची आणि वेळ लिहून सही करायची. डार्लीनने अशी हजारो मारली असतील. त्याचे तिच्या मनावर ओझे नव्हते. कामाला काम म्हणायचे असते.

चौदा नंबरला नऊ झाली होती. नववे तिने वजनाच्या प्लास्टिकच्या वाटीत घेतले आणि तेवढ्यात फोन वाजला. तिची मुलगी कोरिना. तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि जावई आठशे मैलांवर ट्रक चालवत होता. "मॉम, पाणी गेलं. तू ये. आत्ता ये." डार्लीनने वाटी समोरच्या फळीवर ठेवली, हातमोज्यांच्या खोक्यामागे, पडू नये म्हणून. आणि पळाली.

नात झाली. मार्गो. सगळे ठीक होते. दुसऱ्या दिवशी दहाला डार्लीन पेढे वाटावे तशा खुशीत डोनटचा डबा घेऊन कामावर आली, हातमोजे घ्यायला गेली आणि वाटी दिसली.

पिल्लू थंड होते. तोंड उघडे होते. वाटीच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे होते, इतके बारीक की वाटी तिरकी धरल्यावरच दिसले. नखेही धड न फुटलेल्या जिवाने ते काढले होते. एवढे जीव मरायला वेळ लावतात हे तिला माहीत होते. थंडीत त्यांचे सगळेच सावकाश चालते. आणि समोर, चार हातांवर, चौदा नंबरची आई जाळीला नाक लावून उभी होती. माणसाला ऐकू येत नसेल, पण तिने सगळे ऐकले होते. एक दिवस, एक रात्र.

खरे लिहिले असते तर चौकशी बसली असती. बावीस वर्षांत तिच्या नावावर एक काळा ठिपका नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून डार्लीनने पिल्लू पिशवीत घालून बर्फाच्या कपाटात टाकले आणि पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिले: जन्म आठ.

दोन दिवसांनी त्या मादीचे डोके उघडले गेले.

३

"तू मला बोलावलंस म्हणजे काहीतरी मोठंच असणार," मिरियम म्हणाली. मिरियम क्लासेन ही त्या प्रयोगशाळेची प्रमुख. धिप्पाड बाई, मेनोनाइट ह्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्याची मुलगी. उंदराला हात लावायची तो वासराला लावल्यासारखा. "बावीस वर्षांत तू एकदा बोलावलंयस. तेव्हा पाइप फुटला होता."

"बघ ना फक्त. परवा केलं, काल केलं. आज करते का बघू."

मिरियमने येताना आवाजाची डबी आणली होती. वटवाघळांचे आवाज ऐकायला लोक वापरतात तीच. पिल्लांची हाक खालच्या पट्टीत आणून माणसाला ऐकवते. तिने ती पिंजऱ्यावर धरली आणि ओळीतली आठ पिल्ले ऐकू येऊ लागली. टिक्, टिक्, मध्येच ओल्या काचेवर बोट घासल्यासारखे. मादी बसून होती.

आठव्या मिनिटाला ती उठली आणि कोपऱ्यातून 'काहीच नाही' ते उचलून घेऊन आली.

"अगं बाई," मिरियम हसली. "हिला वाटतंय आपण काम केलं. ही तर आमच्या डीनसारखी निघाली."

"ही जाळलेली आहे का?"

"ते तुला सांगायचं नसतं."

"मिरियम."

मिरियमने डबी पिंजऱ्यावर ठेवली. "बरं. आहे. म्हणून तर आठ तशीच पडलीत. प्रेमबीम मोजता येत नाही मला, पण ही पिल्लू तोंडाशी आलं तर चाटेल, दूधही येतं तिला. फक्त चार पावलं चालत जाऊन आणायची जी ओढ असते ना, ती तिथं असते, मध्यमेंदूत. ती जागा गेली की हाक कानावर पडते, पण उठवत नाही. काय ते उचलतेय ते मात्र मला कळत नाही. झटका असेल."

तिने पिल्ले गोळा करून वजनाच्या डब्यात घातली आणि डबा दाराबाहेर नेऊन ठेवला. पिंजऱ्यात आता फक्त आई होती. पिंजऱ्यावरची डबी चालूच होती.

टिक्.

दोघी थांबल्या. डबी घरट्याकडे तोंड करून होती. टिक्, टिक्. मग ते ओल्या काचेचे.

"शेजारच्या पिंजऱ्यातलं येत असेल," मिरियम म्हणाली आणि डबी बंद केली. मग चिठ्ठी वाचली. "आठच झाली होती ना हिला?"

हीच वेळ होती. डार्लीनला ते तेव्हाही कळले होते. एक वाक्य बोलायचे, मिरियम ओरडली असती, एक फॉर्म भरावा लागला असता.

"आठच," ती म्हणाली.

"आजी झाल्यापासून तुझा चेहरा पडलाय. झोपत नाहीस का? मुलगी रात्रीची बोलावते वाटतं."

"अजून नाही बोलावलं," डार्लीन म्हणाली, आणि मनात म्हणाली, देव करो आणि न बोलावो.

४

कोरिनाने पुढच्या आठवड्यात बोलावले. तिला स्तनात गाठ येऊन ताप चढला होता, डॉक्टरकडे जायचे होते, मार्गोला बाहेरच्या उणे तिशीत न्यायचे नव्हते. "दोन तास फक्त, मॉम. गुरुवारी. तुझ्याशिवाय मी कुणाच्या हातात देऊ तिला?"

डार्लीन हो म्हणाली, पण ते शेवटचे वाक्य फोन ठेवल्यावरही तिच्या कानात राहिले.

एकोणतीस वर्षांपूर्वी, अशाच जानेवारीत, कोरिना चार महिन्यांची होती. पोट दुखून रडायची, दिवसदिवस, छताकडे बघून, गुडघे पोटाशी घेऊन. नवरा, वॉल्टर, रेल्वेत कामाला. एके दिवशी अकरा वाजता डार्लीनने तिला पाळण्यात ठेवले, दार ओढले, कोट घातला आणि दारातल्या गाडीत जाऊन बसली. इंजिन सुरू केले, हीटर लावला, रेडिओ लावला. पाच मिनिटे, असे ठरवले होते. घराची खिडकी समोर दिसत होती. रडणे ऐकू येत नव्हते आणि त्या न येण्यात इतके सुख होते की तिला उठवेना. उठायला हवे हे कळत होते. फक्त उठवत नव्हते.

रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा वॉल्टर आला. तो आधी घरात गेला. मग डार्लीन त्याच्या मागोमाग गेली. कोरिनाचा आवाज बसून गेला होता. ती अजून रडत होती, तोंड पूर्ण उघडे, जीभ थरथरत होती, आणि आवाज अजिबात नव्हता.

वॉल्टर फक्त म्हणाला, "गाडी बंद कर जा. पेट्रोल जातंय." तो वारला तोवर ह्या विषयावर त्याने दुसरे वाक्य उच्चारले नाही. डार्लीनने मुलीला वाढवले, केक केले, स्केटिंगला नेले, कॉलेजला पैसे जमवले. कुठे कमी पडली नाही. पण कोरिनाला त्या दिवसातले काही माहीत नव्हते, आणि तिचा आईवरचा सगळा विश्वास त्या न माहीत असण्यावर उभा होता.

गुरुवारच्या आधी तिला सांगायचे, असे डार्लीनने ठरवले. सांगायचे आणि मग तिने ठरवावे, बाळ द्यायचे की नाही.

५

बुधवारी चौदा नंबरच्या पिंजऱ्यात दोन घरटी होती.

जुन्यात आठ पिल्ले एकावर एक पडली होती. पिल्लांची कातडी पातळ असते, पोटात दूध असले की बाहेरून पांढरा पट्टा दिसतो. आठांपैकी एकालाही पट्टा नव्हता. दोन गार होती. आई उजव्या कोपऱ्यात होती. तिथे तिने कागदाच्या चिंध्या ओढून दुसरे घरटे केले होते आणि त्यावर ती पाठीची कमान करून, पाय ताठ रोवून उभी होती. पिल्ले पोटाखाली पीत असली की आया अशाच उभ्या राहतात. पोटाखाली काही नव्हते.

डार्लीनने तिला उचलून उलटी केली. आधार देऊन, हळूच, नेहमीसारखी. बारापैकी अकरा स्तन सुके होते. एकाच्या भोवतालचे केस ओले होते, चोखून चिकटलेले, आणि स्तनाचे टोक लाल झाले होते.

स्वतःचेच चाटले असेल, डार्लीनने मनाशी म्हटले. अशा माद्या करतात असे. बावीस वर्षांत एकीनेही केलेले तिने पाहिले नव्हते, पण म्हटले.

मिरियमने जिवंत सहा पिल्ले दुसऱ्या आईला लावली आणि चौदा नंबरला त्याच दिवशी संपवले. दुपारी तिने डार्लीनला सूक्ष्मदर्शकाशी बोलावले. मेंदूचा कच्चा काप, घाईत केलेला, तरी मधोमध दोन भोके स्पष्ट दिसत होती.

"बघ. दोन्हीकडची जागा साफ गेलीय. इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं," मिरियम म्हणाली. तिचा आवाज खुश नव्हता. "ही उठूच शकायला नको होती, डार्लीन. कशासाठीच."

"मग उठली कशी?"

"मला विचारू नकोस. तू पाहिलंस तेवढंच मी पाहिलं." तिने दिवा बंद केला. "पिंजरा धुवायला टाक."

डार्लीन पिंजरा धुवायला घेऊन गेली. आवाजाची डबी मिरियमच्या टेबलावर होती, बंद, दोन दारांपलीकडे. तरी डार्लीनला ऐकू आले. टिक्. उजव्या कोपऱ्यातून, चिंध्यांमधून. आधी तिला वाटले नळ गळतोय. तिने नळ घट्ट केला. मग पंखा बंद केला. मग बराच वेळ ती कपाळ थंड फरशीच्या भिंतीला टेकवून उभी राहिली. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय.

टिक्, टिक्. आता त्याला आई नव्हती. जी एकटी उठून जात होती तिलाही त्यांनी संपवले होते. डार्लीनला एकदम रडू कोसळले, एवढ्याशा जिवासाठी, हजारो मारून झाल्यावर. "चुकलं रे माझं," ती त्या रिकाम्या पिंजऱ्याला म्हणाली. मग तिने हातमोजे काढले, दोन्ही तळव्यांची ओंजळ केली आणि कोपऱ्यातून उचलले. ओंजळीत काही नव्हते. ओंजळ गार पडली.

ती तशीच, ओंजळ छातीशी धरून, बसथांब्यापर्यंत गेली.

६

गुरुवारी कोरिना दारातच कोट घालून उभी होती, तापाने गाल लाल. वरच्या खोलीत मार्गो झोपली होती. ओट्यावर बाळाचा आवाज ऐकवणारे यंत्र होते, त्याचा हिरवा दिवा जळत होता.

"दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलंय. ती उठेल अकराच्या सुमाराला. आणि मॉम, तिला एकदा भूक लागली की घर डोक्यावर घेते हं, घाबरू नकोस. शेजारच्या बाई मला फोन करतात, बाळ बरं आहे ना म्हणून."

"कोरिना, जायच्या आधी मला तुला एक सांगायचंय. तू लहान असताना..."

"आल्यावर सांग ना. गाडी चालू ठेवलीय, पेट्रोल जातंय." तिने आईच्या गालाचा पापा घेतला. "तू आहेस म्हणून बरं."

दार लागले. डार्लीन स्वयंपाकघरात बसली. तिने यंत्राचा आवाज पूर्ण मोठा केला, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि त्या हिरव्या दिव्यावरची नजर काढायची नाही असे ठरवले. चहासुद्धा केला नाही. ह्या वेळी ती उठणार होती. पहिल्या हाकेला उठणार होती. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

ऐकू आले ते यंत्रातून नाही. पुढच्या खोलीतून, जिथे तिने आपला कोट ठेवला होता तिथून. टिक्.

ती लगेच उठली. कोट सोफ्यावर होता. आवाज त्याच्या मागच्या, उजव्या कोपऱ्यातून येत होता. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी उचलले. आता ते ओंजळीत मावत नव्हते. तिने एक तळवा मानेखाली दिला, एक पाठीखाली, जसे चार महिन्यांच्या मुलाला धरतात, आणि छातीशी घेतले. गार होते. तिने स्वेटरची बटणे काढून त्याला आत घेतले आणि येरझाऱ्या घालू लागली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. हळूहळू ते ऊब धरू लागले, टिकटिक विरळ झाली. घर किती शांत होते. एवढी शांतता तिने एकोणतीस वर्षांत अनुभवली नव्हती. यंत्राकडे तिने येता-जाता दर फेरीला पाहिले. त्याचा दिवा आता तांबडा झाला होता आणि आवाज किती मोठा ते दाखवणारी दिव्यांची पट्टी पूर्ण पेटली होती, पण तिला ऐकू काहीच येत नव्हते. म्हणजे झोपलीय, तिला वाटले.

दार धाडकन उघडले. कोरिना बर्फाच्या बुटांनीच आत आली, तोंड पांढरे पडलेले.

"मॉम! काय चाललंय? रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय!"

"काय?"

कोरिना जिन्याने वर धावली, आणि खाली आली तेव्हा मार्गो तिच्या हातात होती. मार्गो जांभळी झाली होती. गाल भिजलेले, मुठी आवळलेल्या, तोंड पूर्ण उघडे, जीभ थरथरत होती. डार्लीनने कान दिला. काही नव्हते. तोंड मिटले आणि पुन्हा उघडले.

"बारा वाजून गेलेत. शेजारच्या बाईंनी फोन केला मला, तासभर रडतेय म्हणून," कोरिना म्हणाली. तिचा आवाज मात्र नीट ऐकू येत होता, शब्द न् शब्द. "तू खालीच होतीस. तुला ऐकू नाही आलं? तू हातात काय घेऊन..."

ती आईच्या हातांकडे बघत होती, रिकाम्या हातांकडे, एक मानेखाली, एक पाठीखाली. मग तिची नजर वर सरकली, उघड्या स्वेटरच्या आत, ब्लाउजवर. डावीकडे बटणाएवढा ओला डाग होता, आणि कोरिना बघत असतानाच तो थोडा पसरला. तिने मार्गोला घट्ट धरले आणि एक पाऊल मागे घेतले.

आता सांगायचे होते. कोरिनाला, मिरियमला, सगळे, गाडीपासून वाटीपर्यंत. वाक्य तोंडात तयार होते. पण तेवढ्याने हातातले ते जागे झाले असते.

"हळू बोल गं," डार्लीन म्हणाली. "आत्ता कुठं शांत झालंय."